कमळकाकीचा परत आलेला डबा

आमच्या वैशाखरे गावात पंपाची मोटर जळली किंवा मिक्सरमधून धूर आला, तर लोक ती वस्तू गोणीत घालून कमळ वेखंडेच्या ओटीवर आणून ठेवतात. ओटीच्या एका बाजूला भाताची कणगी आहे आणि दुसऱ्या बाजूला तार गुंडाळायचं हाताचं मशीन. मशीनला एक दांडा, दांड्याबरोबर पुढे सरकत वेटोळी मोजणारा काउंटर आणि वर टांगलेली तांब्याच्या तारेची रिळं. समोरून माळशेजचा रस्ता जातो. सुट्टीच्या दिवशी फिरायला निघालेलं कुणीतरी गाडी थांबवून विचारतं, "मावशी, इथे चहा मिळतो का?" काकी दांडा न थांबवता सांगते, "मिळतो. पण हा थर संपू दे."

मी शेजारच्या घरातली मिताली. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, म्हणून या गोष्टीत माझाही थोडा हात आहे. बाकी सगळी गोष्ट काकीची.

काकी लग्नानंतर लगेच मुरबाडच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात लागली. वाइंडिंग खात्यात बाया ओळीने बसायच्या आणि दिवसभर तार गुंडाळायच्या. पुढे तिथे आपोआप चालणारी मशिनं आली. हाताची मशिनं भंगारात निघाली, तेव्हा काकीने आपलं मशीन स्वतः विकत घेतलं आणि टेम्पोत घालून गावी आणलं. तिचे यजमान कुंडलिककाका तेव्हा म्हणाले होते, "बाया माहेरून भांडी आणतात, हिनं कारखान्यातून मशीन आणलं." काकी म्हणाली, "भांडी पोचे पडून परत येतात. माझा पीस कधी परत आला नाय."

हे वाक्य ती अजूनही म्हणते, म्हणजे म्हणायची. कारखान्यात तिने गुंडाळलेली कॉइल तपासणीत कधी बाजूला काढली गेली नाही, हे खरं आहे. तिच्या तारेचा थर सुपासारखा सपाट बसतो. एक वेटोळं दुसऱ्यावर चढत नाही. कॉइलमध्ये लोखंडी पट्ट्या बसवल्यावर शेवटी जी फट उरते, तिच्यात ती बांबूची बारीक कामटी वार्निशात बुडवून ठोकते. त्यामुळे तिचा ट्रान्सफॉर्मर हातात धरला तरी थरथरत नाही. काका मात्र तिच्या त्या वाक्यावर प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचे. "परत येणार कसा? तुझ्या तोंडाला भिऊन लोक ठेवून घेतात."

त्यांचा मुलगा विपुल शहापूरला मोबाइलच्या दुकानात काम करतो. त्याला जुन्या अॅम्प्लिफायरचं वेड आहे. कुठे कुणी जुना लाकडी पेटीचा स्पीकर विकतोय असं कळलं, की हा मोटरसायकल घेऊन हजर. फोनवरचं गाणं अॅम्प्लिफायरला पोचवणारा एक छोटा डबा त्याने घेतला होता. त्या डब्याला वीज द्यायला चार्जरसारखा अॅडॉप्टर होता. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक चिर्र असा आवाज यायचा. आम्हा बाकीच्यांना तो आला काय, गेला काय. विपुलला मात्र जेवण गोड लागेना.

त्याने शोधून काढलं, की असा अॅडॉप्टर वीज एका सेकंदात हजारो वेळा तोडून जोडून खाली उतरवतो आणि त्या तोडजोडीचा कचरा आवाजात मिसळतो. त्याऐवजी लिनियर पॉवर सप्लाय लावायचा. त्यात जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर असतो, वीज सावकाश उतरते आणि पुढे गाळून सरळ होते. फक्त बाहेरून मागवायचा तर किंमत त्या छोट्या डब्यापेक्षा जास्त. विपुलने फोनवर त्याचा आतला फोटो आईला दाखवला.

काकीने फोन जवळ घेतला, लांब धरला.

"ह्यात हाय काय? एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन कपॅसिटर. आणि हा कोपऱ्यातला कोण?"

"तो रेग्युलेटर, काकी," मी म्हणाले. "बारा व्होल्ट म्हटलं की बाराच देतो. खाली नाही, वर नाही."

"म्हणजे आमच्या खात्यातला सुपरवायझर." काकीने फोन परत दिला. "नको मागवू रे. मी गुंडाळते. पुढचं ही मिताली जोडेल. शिकली ना एवढं?"

मी मांडणी केली, हिशेब केला, सर्किट जोडलं. काकीने ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, वार्निश पाजलं, वाळवला. पत्र्याचा डबा विपुलने मुरबाडहून आणला. पहिल्यांदा तो लावला, तेव्हा काका पाट टाकून समोर बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, लाव की आता गाणं."

"बाबा, चालूच हाय," विपुल हसत म्हणाला. "गाणं मगाशी संपलं."

त्या शांततेची आम्हाला इतकी ऐट वाटली, की विपुलने लगेच सगळ्या ओळखीच्यांना फोन लावले. त्याच्या वेडाचे आणखी लोक निघाले. कल्याणला एक, शहापूरला काही, टोकावड्याकडे आणि माळशेज रस्त्यावरच्या गावांत काही. बाहेरून येणाऱ्या एका पॉवर सप्लायच्या किमतीत आमचे चार डबे होत होते, म्हणून ते आमच्याकडून विकत घेऊ लागले. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत काकी आपला फोन नंबर लिहायची. विपुल म्हणाला, "आई, एखादं झकास इंग्रजी नाव देऊ." ती म्हणाली, "नावाला कोण फोन करतो? नंबर असू दे."

आणि फोन आला. खर्डीहून.

खर्डीचे देवजीबाबा भजनात पखवाज वाजवतात. त्यांच्या नातवाने, ऋतिकने, आमचा डबा नेला होता. बाबा रोज दिवेलागणीला जुनी भजनं लावून त्यांच्याबरोबर हात बसवतात. काकीने फोन स्पीकरवर टाकला.

"बाय, तुझा डबा दुपारी झोपतो आणि दिवे लागले की रडतो."

"माझा डबा रडत नाय, बाबा. तुमचा अॅम्प्लिफायर बघा."

"बघितला. नातवानं दुसरा आणून लावला. तरी रडतो."

"मग मधली वायर खराब."

"वायर बदलली. आता काय, म्हातारी बदलू?"

मागून एका बाईचा आवाज आला, "बदला, बदला, मी पण बघते तुमाला भात कोण घालतं." काकीला हसू आलं, पण फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुरबाड, मुरबाडहून शहापूर आणि तिथून खर्डी अशा गाड्या बदलत बाबांच्या वाडीत पोचलो.

दुपार होती. काकीने चप्पल काढता काढताच डबा सुरू करायला सांगितलं. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. शांत.

"ऐका! कुठं हाय रडणं?" काकीचा आवाज चढला. "माझा पीस कधी परत आला नाय, बाबा. एवढ्या लांबून आणलंत मला."

देवजीबाबा मांडी घालून कणीक मळत होते. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावून ते त्याचा जाड सूर उतरवतात. कमी लावली तर सूर चढा राहतो, जास्त लावली तर बसतो. त्यांनी वरही बघितलं नाही.

"जेवा. आमटी केलीय. संध्याकाळ होऊ दे."

जेवण झालं. बाबांच्या सूनबाईंनी आम्हाला वालाच्या शेंगा निवडायला बसवलं, नाहीतर काकीने घरभर फेऱ्या मारल्या असत्या. उन्हं उतरली. वाडीत दिवे लागले, शेजारची गिरणी सुरू झाली, कुणीतरी पाण्याचा पंप लावला. बाबांनी भजन लावलं, पखवाज मांडीवर घेतला. आणि भजनाच्या खालून, भुंगा खोलीत अडकावा तसा, एक आवाज उठला. घूंऽऽ.

बाबांनी डाव्या अंगावर थाप मारली. थाप आणि घूं एकमेकांना धरेनात. त्यांनी कणीक थोडी काढली, थोडी परत लावली, आणि हात उचलून काकीकडे बघितलं.

"आता सांग. मी कुणाशी सूर जुळवू? भजनाशी का तुझ्या डब्याशी?"

काकी डब्याजवळ गेली, हात ठेवला. ट्रान्सफॉर्मर थरथरत नव्हता. तिने वर बघितलं. छताचा पंखा इतका हळू फिरत होता की पाती मोजता येत होती.

"हा असाच फिरतो का हो?"

"संध्याकाळचा तो असाच फिरतो," सूनबाई म्हणाल्या. "आमची वाडी विजेच्या डीपीपासून शेवटाला. निजानीज झाली की पळतो."

"आमच्याकडं पण," काकी सहज म्हणाली. मग थांबली. "मिताली, मीटर लाव गो."

मी मीटर लावला. एकशे अडुसष्ट व्होल्ट.

"तू हिशेब किती धरून केलेलास?"

"दोनशे तीस."

"मी पण दोनशे तीसलाच गुंडाळलं. कारखान्यात काटा दिवसभर तिथंच असायचा." ती खाली बसली. "आपण दोघी राहतो कुठल्या गावात?"

संध्याकाळी पंखा हळू फिरतो, बल्ब पिवळा पडतो, मिक्सरमध्ये ओलं खोबरं वाटलं जात नाही, हे आम्ही जन्मापासून बघतोय. इतकं बघितलंय की तो बिघाड आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. संध्याकाळ झाली की अंधार पडतो, तसंच ते. रेग्युलेटरला बारा व्होल्ट सरळ द्यायचे, तर त्याच्या हातात पंधराच्या आसपास यावे लागतात. बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब पडला की त्याच्या हातात बाराही पुरे येत नव्हते. मग तो गाळायचं सोडून जे येईल ते तसंच पुढे ढकलत होता.

काकीने डबा उचलला आणि पिशवीत घातला. "बाबा, हा परत नेते."

गाडीत तिने पिशवी मांडीवर धरली होती. कुणी सरकून बसा म्हटलं तरी ती खाली ठेवली नाही.

घरी विपुलने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, एकच तक्रार हाय. म्हातारा कानाचा तिखट. त्याला स्टॅबिलायझर घ्यायला सांग, विषय संपला."

"स्टॅबिलायझर घेऊन मग माझा डबा घ्यायचा? म्हणजे लोकांनी दोनदा पैसे घालायचे आणि आपण स्वस्त स्वस्त म्हणून मिरवायचं?"

दुसऱ्या दिवशी ओटीवर गोण्या येत होत्या, पण काकी मशीनवर बसली नाही. तिने देवजीबाबांचा डबा ओटीच्या मधोमध ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. कुणी विचारलं, "हे काय?" की सांगायची, "माझा पीस. परत आलाय." लपवायचा तर कणगीमागे जागा होती. काकांनी त्या दिवशी तोंडाला भिऊन ठेवून घेण्याची ती मस्करी केली नाही. चहाचा कप तिच्याजवळ ठेवला आणि म्हणाले, "होईल." काकी म्हणाली, "होईल नाय. करायला लागेल."

पहिला उपाय माझा होता. ट्रान्सफॉर्मरला मध्ये दोन फाटे काढायचे आणि दाब पडला की रिलेने, म्हणजे आपणहून पडणाऱ्या बटणाने, दुसऱ्या फाट्यावर जायचं. ओटीवर छान चाललं. खर्डीला लावल्यावर देवजीबाबांचा फोन आला.

"बाय, रडणं थांबलं. पण गिरणी सुरू-बंद झाली की तुझा डबा टक् करून टाळ वाजवतो. तोही चुकीच्या जागी."

काकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मला राग आला होता, तिला नाही. "अगो, बाबा बरोबर बोलतात. रिले काढ. वेटोळी वाढवून बघू."

डबा परत आणून तिने सगळा ट्रान्सफॉर्मर उकलला. पट्ट्यांची थप्पी जाड केली, वीज बाहेर देणाऱ्या बाजूची वेटोळी वाढवली, तार एक नंबर जाड घेतली. आता दाब कितीही पडला तरी रेग्युलेटरच्या हातात पुरेसे व्होल्ट राहत होते. पण दुपारी, वीज पूर्ण असताना, तेच जास्तीचे व्होल्ट त्याला गिळावे लागत आणि सगळी उष्णता डब्यात साठे. काकांनी दुपारी डब्यावर तळवा ठेवला आणि झटकन उचलला. "कमळ, ह्याच्यावर पापड भाजायचेत का?"

उष्णता बाहेर काढायला अॅल्युमिनियमचा कंगव्यासारखा तुकडा मिळतो. तो लावला तर डबा महाग होत होता आणि काकीला ते चालणार नव्हतं. ती विपुलला म्हणाली, "तुझ्या दुकानाशेजारी तो सरकत्या खिडक्या करणारा हाय ना? त्याच्या पायात काय पडलेलं असतं बघ."

विपुल संध्याकाळी पिशवीभर तुकडे घेऊन आला. सरकत्या खिडकीच्या चौकटीला खाचा असतात. कापून उरलेले ते वीतभर तुकडे दुकानदार भंगारात देतो. एक तुकडा डब्याच्या मागच्या बाजूला नीट घासून, स्क्रू मारून बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारभर डबा चालू ठेवला. काकांनी हात ठेवला, तसाच राहू दिला.

"आता?"

"आता मांजर झोपेल ह्याच्यावर."

आम्ही संध्याकाळची वाट बघितली. गावातली गिरणी सुरू झाली, बल्ब पिवळा पडला. मीटरवर एकशे चौसष्ट. विपुलने कान स्पीकरला चिकटवला. मी बघत होते काकीकडे. ती स्पीकरकडे बघतच नव्हती, मीटरवर बोट ठेवून म्हणत होती, "पड अजून. पड की."

खर्डीला आम्ही तिघं गेलो. देवजीबाबांनी कणीक लावली, भजन लावलं आणि वाजवायला लागले. एक अभंग झाला, दुसरा झाला. वाडीतली दोन माणसं येऊन दारात बसली, एकाने घरातून टाळ आणले. काकी भिंतीला टेकून ताठ बसली होती, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी. तिसरा अभंग संपला तरी बाबा काही बोलेनात.

"बोला की," शेवटी काकीनेच म्हटलं. "चांगला हाय म्हणून बोला."

"बोललो ना."

"कधी बोललात?"

"एवढा वेळ वाजवलं ते काय होतं? कणकेला परत हात लावला का मी?"

काकीने पदर सारखा केला आणि दारातल्या दोघांकडे बघून म्हणाली, "हा डबा मी केलाय." त्यांनी विचारलं नव्हतं.

आता खरं तर सगळं मिटलं होतं. विपुलही तेच म्हणाला. नवे डबे नव्या पद्धतीने करायचे, जुने ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे राहू दे. "आई, कुणी तक्रार केली नाय."

"कशी करतील? त्यांना वाटतं संध्याकाळी गाणं असंच वाजतं. पंख्यासारखं. आपल्याला नव्हतं वाटत?"

कल्याण आणि शहापूरच्या बाजारपेठेतल्या गिऱ्हाइकांना तिने फोन करून संध्याकाळचा मीटर बघायला लावला. तिथे वीज बरी होती. राहिली माळशेज रस्त्यावरची गावं. भातकापणी आटोपली होती, तरी काकीने झोडणी काकांवर सोडली. नवे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून तयार झाले तसे ती विपुलच्या मागे मोटरसायकलवर बसायची, पिशवीत ट्रान्सफॉर्मर, खिडकीचे तुकडे, स्क्रूड्रायव्हर. मी माझी स्कूटर घेऊन मागे, डागणीचं, म्हणजे सोल्डरिंगचं, सामान घेऊन. लोकांना कळेना. एका घरी आम्हाला वाटलं कुत्रं सोडतात की काय. विकलेली वस्तू स्वतःहून उकलायला आलेलं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं.

शेवटचं घर टोकावड्याच्या रुचिताचं होतं. ती शाळेतल्या मुलांना गाणी शिकवते आणि घरी दिवसभर काहीतरी ऐकत असते. आम्ही पोचलो तेव्हाही गाणं चालू होतं.

"काकी, कशाला उघडता?" ती डबा आणि आमच्या मध्ये उभी राहिली. "मस्त चाललाय. सगळ्यांना सांगते मी, आमच्या कमळकाकीनं केलाय म्हणून."

"तेच तर. सांगतेस ना माझं नाव? सरक."

रुचिता सरकली. काकीने झाकण काढलं, मी जुना ट्रान्सफॉर्मर सोडवला आणि नवा जोडला. विपुलने मागे अॅल्युमिनियमचा तुकडा बसवला. तोवर दिवे लागले होते. मीटरवर दाब पडलेला होता, डबा शांत होता. रुचिताने गाणं लावलं, थांबवलं, परत लावलं. मग जरा संकोचून म्हणाली, "रागावू नका काकी, पण खरं सांगू? मला काय फरक कळत नाय."

विपुलने माझ्याकडे बघितलं. एवढे दिवस, एवढे फेरे, आणि हे.

काकी झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळत होती. तिने तो पूर्ण आवळला, अंगठ्याने दाबून बघितला.

"तुला नाय कळला तरी चालेल गो," ती म्हणाली. "मला कळतो." मग ओटा धरून उठली आणि पाय झटकले. "आता चहा ठेव. दूध जास्त घाल, दिवसभर फिरलोय."